'दारू चढली होती म्हणून हात उचलला' हे कारण का चालत नाही? पुण्यात शिकणाऱ्या मुला-मुलींच्या घरच्यांनी वाचावं असं काही

पुणे : दहावी-बारावी झाली की जुन्नर, आंबेगाव, खेडपासून दौंड, इंदापूर, भोरपर्यंतची पोरं-पोरी पुण्याची वाट धरतात. कुणी कॉलेजला जातं, कुणी पेठांमधल्या अभ्यासिकेत बसतं, कुणी नोकरी करत करत शिकतं. गावाकडून रोज फोन जातो. अभ्यास होतोय का, जेवलास का, पैसे आहेत का, हे विचारून होतं. पण शनिवारी रात्री काय करतोस, कुणाबरोबर फिरतेस, तो तुझ्याशी कसा वागतो, हे विचारायचं राहून जातं. हे विषय काढायची आपल्या घरांत सवय नाही.

म्हणूनच एक गोष्ट नजरेआड राहते. कोवळ्या वयात भरपूर दारू पिणं आणि ज्याच्यावर किंवा जिच्यावर प्रेम आहे म्हणतो तिच्यावरच हात उचलणं, या दोन गोष्टींचं नातं आहे. ते नातं नेमकं कसं आहे, हे समजून घेतलं तर आपली पोरगीही वाचू शकते आणि पोरगाही.

दोन घटना, दोन धडे

२७ जून २०२३ चा दिवस अनेकांना आठवत असेल. सदाशिव पेठेत भर रस्त्यात एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं मध्ये पडली म्हणून ती वाचली. दोघं ओळखीचे होते. तिने नकार दिला, हा त्याचा राग होता. त्या प्रकरणात चर्चा दारूची नव्हती, नकाराची होती.

दुसरी घटना १९ मे २०२४ च्या पहाटेची. कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीला उडवलं आणि मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता. त्याआधी तो मित्रांसोबत दोन ठिकाणी दारू प्यायला बसला होता, असं पोलिसांनी सांगितलं.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण पहिली घटना दाखवते की 'ती माझी आहे, तिने नाही म्हणायचंच नाही' ही भावना किती टोकाला जाते. दुसरी दाखवते की पुण्यात १७ वर्षांच्या मुलापर्यंत दारू आरामात पोचते. आता ही भावना आणि ही दारू एकाच पोराच्या अंगात एकत्र आली तर काय होईल?

मारहाण म्हणजे फक्त कोयता नाही

कोयता पेपरात येतो, कानफटात मारलेली येत नाही. प्रेमप्रकरणातली बहुतेक मारहाण लहान वाटणाऱ्या गोष्टींपासून सुरू होते. हात पिरगाळणं, केस ओढणं, ढकलून देणं, मोबाइल हिसकावून आपटणं, गाडीतून उतरू न देणं, मनगट इतकं घट्ट धरणं की वळ उठावा. मग सकाळी मेसेज येतो, 'सॉरी, काल जरा जास्त झाली होती.' मुलगी विश्वास ठेवते, कारण शुद्धीवर असताना तो खरंच बरा वागत असतो.

मुलीही मुलांवर हात उचलतात. परदेशातल्या अभ्यासांमध्ये हे दिसलं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. मात्र गंभीर इजा आणि सतत भीतीखाली राहणं हे जास्त करून मुलींच्या वाट्याला येतं.

'जास्त पिणं' म्हणजे किती?

'पोरगं कधीतरी घेतं, रोज थोडीच पितं,' असं घरचे म्हणतात. पण इथे रोजच्या पिण्यापेक्षा एका बैठकीत किती रिचवली याला महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे एका वेळी ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त शुद्ध अल्कोहोल पोटात गेलं तर ते 'अति पिणं' धरतात, मग ते महिन्यातून एकदा का असेना.

आपल्या भाषेत हिशोब असा. व्हिस्की-रमच्या १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. स्ट्राँग बिअरच्या एका मोठ्या बाटलीत साधारण ४० ग्रॅम. म्हणजे एक क्वार्टर किंवा दीड बाटली स्ट्राँग बिअर झाली की तो आकडा गाठला. वाढदिवस, निकाल, थर्टी फर्स्ट, गडावरचा मुक्काम, अशा वेळी 'बसलेल्या' पोरांना तो ओलांडायला वेळ लागत नाही.

दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पिणारे आढळले. १० ते १७ वयात हे प्रमाण १.३ टक्के होतं. टक्का छोटा वाटतो, पण देशाच्या लोकसंख्येत तो काही लाख मुलांचा होतो.

दारूने डोक्यात काय होतं?

माणसाच्या मेंदूचा कपाळामागचा भाग 'थांब, विचार कर' असं सांगतो. गाडीच्या भाषेत तो ब्रेक. हा ब्रेक पूर्ण तयार व्हायला साधारण पंचविशी उजाडते. राग, ओढ, मत्सर मात्र पंधरा-सोळाव्या वर्षीच जोरात असतात. इंजिन मोठं आणि ब्रेक कच्चा, अशी ही अवस्था. त्यात दारू पहिल्यांदा ब्रेकच ढिला करते.

दुसरी गोष्ट नजरेची. रात्री रानात बॅटरी मारली की उजेड पडतो तेवढंच दिसतं, बाजूचा बांध, विहीर काही दिसत नाही. दारू प्यायलेल्या डोक्याचं तसंच होतं. स्टील आणि जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये हे मांडलं. शुद्धीवर असलेल्या मुलाला मैत्रीण दुसऱ्या कुणाशी हसून बोलताना दिसली, तर राग आला तरी त्याला आजूबाजूची माणसंही दिसतात, तिचा चेहरा दिसतो, उद्याचा दिवस दिसतो. प्यायलेल्याला फक्त ते हसणं दिसतं. बाकी सगळं अंधारात जातं.

मग सगळेच पिणारे का मारत नाहीत?

प्यायलेला माणूस नाकाबंदीवरच्या फौजदाराला कानफटात देत नाही. मालकापुढे मान खालीच घालतो. चार दांडगे मित्र समोर असले तर गप्प बसतो. तोच माणूस खोलीवर आला की मैत्रिणीवर किंवा बायकोवर हात टाकतो. म्हणजे कुणावर हात टाकला तर चालून जाईल, एवढं त्याला नशेतही कळत असतं.

या गोष्टीला प्रयोगाचाही आधार आहे. अमेरिकेत १९७५ मध्ये काही पुरुषांना व्होडका मिसळलेलं पेय दिलं आणि काहींना बिनदारूचं. दोन्ही गटांतल्या निम्म्यांना खोटं सांगितलं. आपण दारू प्यायलोय असं ज्यांना वाटत होतं ते जास्त आक्रमक वागले, मग पोटात खरंच दारू गेलेली असो वा नसो. 'प्यायल्यावर माणूस असं करतोच' ही समजूतच त्यांना मोकळीक देऊन गेली. पुढच्या प्रयोगांत दारूचा स्वतःचा परिणामही दिसला, म्हणजे दारू निर्दोष नाही. पण ती एकटी दोषीही नाही.

आपल्या देशातला आकडाही तेच सांगतो. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ज्यांचा नवरा वरचेवर दारू पिऊन झिंगतो अशा सुमारे ७० टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा अजिबात पीत नाही, अशा बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे २३ टक्के होतं. हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. ७० चा आकडा सांगतो की दारूने धोका कितीतरी वाढतो. २३ चा आकडा सांगतो की दारूचा थेंब नसलेल्या घरातही हात उचलला जातो.

थोडक्यात, दारू मारायला शिकवत नाही. शिकलेला हात ती मोकळा सोडते. आणि तो हात कुठे शिकला, हे बघायला फार लांब जावं लागत नाही.

घरात पाहिलेलं पोरगं विसरत नाही

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी गावाकडच्या शाळांमधल्या मुला-मुलींकडे आठवी ते बारावीपर्यंत अनेकदा जाऊन माहिती घेतली. जास्त पिणं आणि मित्र-मैत्रिणीला मारणं यांचा संबंध त्यांना दिसला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या मुलांच्या घरात मारहाण होती किंवा ज्यांचे मित्र मारकुटे होते, त्यांच्यात हा संबंध जास्त घट्ट होता.

आपल्याकडे हे समजायला अवघड नाही. बाप पिऊन येतो, आईला मारतो, सकाळी कुणी काही बोलत नाही. आजी म्हणते, 'माणूस वाईट नाही गं, दारू वाईट.' कोपऱ्यात बसलेलं पोर दोन गोष्टी शिकतं. बाईवर हात टाकता येतो, आणि दारूवर खापर फोडता येतं. दहा वर्षांनी तेच पोर पुण्यात कॉट बेसिसवर राहतं, मित्रांबरोबर बसतं आणि मैत्रिणीला फोन करून विचारतं, 'फोन का उचलला नाहीस?'

हेच वय महत्त्वाचं का? कारण बरीच मुलं चौदा-पंधराव्या वर्षी रागाच्या भरात ढकलाढकली करतात आणि वाढत्या वयाबरोबर सुधारतात. भांडण बोलून मिटवायला शिकतात. पण दर भांडणात दारू असेल, तर हे शिकायची संधीच मिळत नाही. मग ती सवय लग्नात जाते.

मुलगी सांगत का नाही?

समजा, आपल्याच तालुक्यातली एक मुलगी पुण्यात शिकतेय. तिच्या मित्राने पिऊन तिला मारलं. तिने घरी फोन केला तर काय होईल, हे ती आधी मनात तपासते. वडील पहिल्यांदा विचारतील, 'मुळात त्याच्याबरोबर गेलीसच कशाला?' आई रडेल. दोन दिवसांत भाऊ गाडी घेऊन येईल, बॅग भरायला लावेल, पुढच्या महिन्यात स्थळं सुरू. कॉलेज संपलं. मारलं त्याने, शिक्षण सुटलं हिचं.

म्हणून ती सांगत नाही. आणि ती सांगणार नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. 'तुझ्या घरी फोटो पाठवीन,' या धमकीत दम येतो तो आपल्या घरच्या भीतीमुळे. सांगितल्यावर शिक्षण थांबणार नाही, एवढा शब्द घरातून मिळाला तर त्या धमकीतली निम्मी हवा जाते.

कायदा काय म्हणतो?

दारूचं वय : महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. १८ वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे बारवाल्याला लागू आहे आणि हळदीत, वरातीत पोरांच्या हातात ग्लास देणाऱ्या काका-मामांनाही.

नशेची सबब : आपल्या मर्जीने दारू पिऊन गुन्हा केला तर 'शुद्धीत नव्हतो' म्हणून सुटका होत नाही. भारतीय न्याय संहितेत सवलत आहे ती फक्त नकळत किंवा जबरदस्तीने नशा दिली गेली तर.

मारहाण : साध्या दुखापतीला कलम ११५ (२) नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलीस 'एनसी' घेतात. लोक म्हणतात एनसीने काय होतंय. पण पुढे प्रकरण वाढलं तर पहिली नोंद म्हणून ती उपयोगी पडते. हाड मोडण्यासारखी गंभीर इजा, विनयभंग, नको असताना सतत पाठलाग करणं (कलम ७८) यांना याहून मोठ्या शिक्षा आहेत.

संमती : नशेमुळे आपण कशाला हो म्हणतोय हे मुलीला समजत नसेल, तर तो होकार कायद्याने होकार नाही. १८ वर्षांखालच्या मुलीचा होकार तर कायदा धरतच नाही, तिथे पोक्सो लागतो.

तक्रार कुठे : दखलपात्र गुन्हा पुण्यात घडला तरी गावाकडच्या पोलीस ठाण्यात 'झिरो एफआयआर' देता येतो. 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. लैंगिक छळ कॉलेजातल्याच मुलाकडून होत असेल तर प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायला हवी, तिथेही लेखी तक्रार देता येते.

मुलीच्या घरच्यांनी काय करावं?

पहिलं वाक्य महत्त्वाचं. 'तू का गेलीस' ऐवजी 'लागलं का तुला? आता कुठे आहेस?' असं विचारा. दुसरं वाक्य, 'तुझं शिक्षण थांबणार नाही.' बाकी चौकशी नंतर होते.

इजा झाली असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कशाने लागलं ते खरं नोंदवायला सांगा. जखमांचे फोटो, धमकीचे मेसेज, कॉलची यादी पुसू नका. 'शेवटचं एकदा भेट, समजावतो' अशा बोलावण्यावर एकटीने जाऊ देऊ नका. नकार दिल्यानंतरचा काळ जास्त धोक्याचा असतो. आणि भावाने चार पोरं घेऊन पुण्यात जाणं हा उपाय नाही. त्यात एका गुन्ह्याचे दोन होतात आणि तुमचाच पोरगा आत जातो.

मुलाच्या घरच्यांनी काय करावं?

हा भाग बहुतेक ठिकाणी राहून जातो. मारणारा पोरगाही कुणाच्या तरी घरचाच असतो. शनिवार-रविवारी फोन न लागणं, पैसे लवकर संपणं, रात्री उशिरा चिडून स्टेटस टाकणं, मैत्रिणीचं लोकेशन आणि पासवर्ड मागणं, प्यायल्यावर तिला सारखे फोन लावणं आणि सकाळी माफी मागणं, ही लक्षणं एकत्र दिसली तर बोला.

बोलताना दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. दारू सुटावी म्हणून मदत करा, आणि हात उचलल्याची जबाबदारी त्याच्यावरच ठेवा. 'दारू सोडली की सुधारेल' एवढ्यावर भागत नाही. 'पोरीनेच काहीतरी केलं असेल' असं म्हणाल तर त्याला दुसऱ्यांदा मोकळीक दिलीत. आणि वडील स्वतः घरात हात उचलत असतील, तर उपदेशाआधी ते थांबवावं लागेल.

नॉर्थ कॅरोलिनाच्याच शाळांत 'सेफ डेट्स' नावाचा अभ्यासक्रम मुलांना शिकवला गेला. तो शिकलेल्या मुलांमध्ये चार वर्षांनंतरही मारहाण कमी दिसली. आपल्याकडेही अशी उदाहरणं आहेत. 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज' ही संस्था १९९३ पासून पुरुषांशी आणि तरुण मुलांशी याच विषयावर बोलते. मुंबईत शालेय क्रिकेटच्या कोचनी खेळाच्या सरावातच मुलांना मुलींशी कसं वागावं हे शिकवलं. गावची कबड्डीची टीम, गणेश मंडळ, तालीम इथे हे बोलायला काय हरकत आहे? पोरं शाळेतल्या भाषणापेक्षा कोचचं ऐकतात.

मित्रांचंही काम आहे. प्यायलेला मित्र रागात मैत्रिणीकडे निघाला तर गाडीची चावी काढून घ्यायची आणि झोपायला लावायचं. सकाळी शुद्धीवर आल्यावर तोंडावर सांगायचं की तू चुकलास.

मदत कुठे मिळेल?

तातडीचा धोका असेल तर ११२. महिलांसाठी १८१. १८ वर्षांखालच्या मुला-मुलींसाठी चाइल्डलाइन १०९८. मन अस्वस्थ असेल, राग आवरत नसेल तर टेलिमानस १४४१६, इथे मराठीत बोलता येतं. दारूच्या सवयीसाठी राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. पुणे शहर पोलिसांची दामिनी पथकं आणि भरोसा सेलही मुली-महिलांच्या तक्रारींसाठी आहेत. व्यसनासाठी पुण्यातच येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं आणि घरच्यांनाही तिथे उपचारात सामील करून घेतात.

हे नंबर मुला-मुलीच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. आणि आज रात्री फोन कराल तेव्हा 'जेवलीस का' विचारून झालं की आणखी एक वाक्य बोला : 'काही झालं तरी आधी आम्हाला सांग, कॉलेज सोडायला लावणार नाही.' मुलगा असेल तर त्याला सांगा, 'प्यायला होतास हे कारण या घरात चालणार नाही.'